वाचकांचे प्रश्न: माळावरचं गवत मोजायचं कसं?

प्रश्न: इकॉलॉजी म्हणजे झाडं लावणं, पर्यावरण वाचवणं हेच ना? (वाचक, सांगोला)

नाही. सजीवांचं एकमेकांशी आणि माती, पाणी, हवेशी काय नातं आहे, ते तपासणारं हे शास्त्र आहे. एखादी जात इथे आहे आणि पलीकडच्या टेकडीवर का नाही, यंदा वाढली ती कशामुळे, असे त्याचे प्रश्न. ते सोडवायला जागेवर मोजणी करतात, एखादी गोष्ट मुद्दाम बदलून प्रयोग करतात आणि गणिती मांडणी वापरतात. हे न करता केलेलं वृक्षारोपण नुकसानही करतं. सोलापूरकडच्या माळावर सरसकट खड्डे घेऊन झाडं लावली, की माळढोक, चंडोल, धाविक या पक्ष्यांना लागणारी उघडी जमीनच जाते.

प्रश्न: गावानं पाच वर्षांपूर्वी माळाचा एक तुकडा चराईला बंद केला. गवत सुधारलं असं सगळे म्हणतात. शाळेतल्या मुलांना हे मोजून पाहता येईल का? (शिक्षक, पुरंदर तालुका)

जरूर येईल, खर्चही फारसा नाही. अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घेऊन चौकट करा. आतली बाजू बरोबर १ मीटर भरली पाहिजे. दर १० सेंटिमीटरवर आडवी-उभी दोरी ताणली की १०० घरं होतात. एक घर म्हणजे १ टक्का जागा.

चौकट पाठमोरं उभं राहून फेकायची पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात. ती करू नका. फेकणारा बोरीचं काटेरी झुडूप आणि खडक नकळत टाळतोच. त्याऐवजी ५० मीटरचा टेप अंथरा आणि चिठ्ठ्या टाकून दोन आकडे काढा: टेपवर किती मीटर आणि टेपपासून आत किती मीटर. जागा खडकावर आली तर चौकट खडकावरच ठेवा. शून्य हीसुद्धा नोंदच असते.

मारवेल, पवन्या, कुसळी यांचे ठोंब मोजा. हरळीचं एक रोप कुठे संपतं हे कळत नाही, म्हणून तिने व्यापलेली घरं मोजा. कडेवर आलेले ठोंब दोनच ठरलेल्या बाजूंचे धरा, उरलेल्या दोन बाजूंचे सोडा, नाहीतर संख्या फुगते. हे काम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करा. तेव्हा गवतं तुऱ्यावर असतात आणि तुऱ्याशिवाय जात ओळखणं अवघड. प्रत्येक तुकड्यात २० चौकटींपासून सुरुवात करा; नव्या जाती सापडत राहिल्या तर चौकटी वाढवा.

एकूण ठोंबांना चौकटींनी भागलं की घनता मिळते. किती टक्के चौकटींत ती जात सापडली, ती वारंवारता. दोन्ही काढा. २० चौकटींत कुसळीचे ६० ठोंब म्हणजे घनता ३. पण ते सगळे ४ चौकटींतच असतील तर वारंवारता फक्त २० टक्के, म्हणजे कुसळी पुंजक्यानं वाढते आहे.

चाऱ्याचं वजन हवं असेल तर जमिनीपासून २-३ सेंटिमीटर ठेवून गवत कापा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा (ओव्हन मिळाला तर ६० ते ७० अंशांवर). १ चौरस मीटरमधल्या ग्रॅमला १० नं गुणलं की हेक्टरी किलो. २५० ग्रॅम म्हणजे हेक्टरी २,५०० किलो.

सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. उघड्या माळावर गवत कमी भरलं म्हणजे तिथे कमी उगवतं असं नाही. उगवलेलं मेंढरांनी खाल्लेलं असतं. म्हणून पावसाआधीच उघड्या भागात पाच-सहा ठिकाणी जाळीचे पिंजरे पक्के रोवा आणि वजनासाठी त्यांच्या आतलं गवत कापा.

दुसरं म्हणजे बंद केलेल्या तुकड्याची मातीच मुळात खोल असू शकते. प्रत्येक चौकटीजवळ सळई ठोकून खोली नोंदवा. आणि तुकडा एकच असेल तर त्यातल्या २० चौकटी म्हणजे २० वेगळे पुरावे होत नाहीत. आसपासच्या गावांतून बंद आणि उघड्या तुकड्यांच्या तीन-चार जोड्या मिळवा, प्रत्येक जोडी एकाच आठवड्यात मोजा. हे जमलं नाही, तर ‘हे दोन तुकडे वेगळे आहेत’ इथपर्यंतच म्हणा. ‘चराईबंदीमुळे वेगळे आहेत’ असं म्हणू नका.

प्रश्न: गवत जागचं हलत नाही. नाकतोडे कसे मोजायचे? (बीएस्सीची विद्यार्थिनी, सातारा)

जाळीनं पकडा, पाठीवरच्या ढालीवर रंगाचा बारीक ठिपका द्या आणि सोडा. एक-दोन दिवसांनी पुन्हा पकडा. समजा पहिल्यांदा ४० रंगवले, दुसऱ्यांदा ५० सापडले आणि त्यांत १० ठिपक्याचे होते. ४० गुणिले ५० भागिले १० म्हणजे अंदाजे २००. आकडे लहान असताना हा अंदाज थोडा जास्त येतो, म्हणून तिन्ही आकड्यांत १ मिळवून हिशेब करतात आणि शेवटी १ वजा करतात: ४१ गुणिले ५१ भागिले ११, वजा १, म्हणजे सुमारे १८९.

फक्त पंख फुटलेले प्रौढच रंगवा. पिल्लं कात टाकतात, कातीबरोबर ठिपकाही जातो, ठिपक्याचे कमी सापडतात आणि अंदाज भलताच वाढतो. रंग भडकही नको. पक्ष्यांना तेच आधी दिसतील.