पंचच नाही, मग खिलाडूवृत्तीची ढाल द्यायची कुणाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात कॉलेजच्या मुलामुलींची अल्टिमेट फ्रिस्बीची छोटी स्पर्धा घेताय, आठ संघ आहेत, या खेळात पंच नसतो हे आत्ताच कळलंय, आणि एका दुकानदाराने 'सर्वात खिलाडू खेळाडू' अशी ढाल करून दिली आहे. ती कुणाला द्यायची आणि ठरवायचं कसं?

आधी कुणाला देऊ नका ते सांगतो. सामना संपल्यावर सगळ्यांच्या गळ्यात पडत फिरणाऱ्याला देऊ नका. आणि शेवटच्या नंबरावर आलेल्या संघाला 'बिचारे हसत हसत हरले' म्हणून तर अजिबात देऊ नका. एका स्पर्धेत आमच्याच संघाला असं बक्षीस मिळालं होतं. चार सामने हरलो होतो आणि त्यातल्या दोनांत आमच्या पोरांनी नियम न वाचता वाट्टेल ते कॉल केले होते, म्हणजे 'फाउल झाला' वगैरे म्हणून खेळ थांबवला होता. पण आम्ही गोड बोलायचो. ढाल घेऊन फोटो काढला तेव्हा मलाच कसंनुसं झालं.

मी इंजिनिअरिंगला पुण्यात असताना हा खेळ शिकलो. आता सोलापुरात परत आलोय आणि रविवारी सकाळी दहा-पंधरा जणांना गोळा करून खेळतो. उन्हाळ्यात साडेआठला डिस्क, म्हणजे फ्रिस्बीची चकती, पिशवीत जाते, त्यानंतर मैदानावर उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. आमची जमीन काळी, टणक आणि वर खडी, त्यामुळे झेप टाकून डिस्क घेतली की कोपर सोलून निघतं. हे सांगण्याचं कारण पुढे येईल.

हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून खेळ दोन ओळींत. १९६८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, मेपलवुडच्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी हा सुरू केला. गवतावर सात विरुद्ध सात, १७५ ग्रॅमची डिस्क, १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद मैदान, दोन्ही टोकांना १८ मीटरचे एंडझोन. डिस्क हातात असताना पळायचं नाही, दहा मोजायच्या आत ती फेकायची, आणि समोरच्या एंडझोनमध्ये आपल्या माणसाने झेलली की पॉइंट. धक्काबुक्की चालत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये पंच असतात, पण जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही फाउल खेळाडूच सांगतात आणि वादही तेच मिटवतात. याला 'स्पिरिट ऑफ द गेम' म्हणतात आणि आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकात पहिलाच नियम याचा आहे.

आता कॉल कसा चालतो ते बघा, कारण ढालीचा सगळा मामला तिथेच आहे. डिस्क झेलताना कुणी माझ्या हातावर मारलं, तर मी 'फाउल' म्हणतो. खेळ थांबतो. समोरच्याने मान्य केलं तर डिस्क माझी. मान्य नसेल तर तो 'कंटेस्ट' म्हणतो, आम्ही दोघं दोन-चार वाक्यं बोलतो, आणि तरीही जमलं नाही तर डिस्क ज्याने फेकली होती त्याच्याकडे परत. म्हणजे नियम असं धरूनच चालतो की दोन प्रामाणिक माणसांना एकच गोष्ट वेगवेगळी दिसू शकते. गल्लीतल्या कबड्डीत 'लागला लागला' करून अर्धा तास जातो, तो इथे जात नाही. कंटेस्ट करणं म्हणजे भांडण नव्हे. नव्या आयोजकांची पहिली चूक इथेच होते. ज्याने जास्त कॉल केले तो भांडकुदळ, ज्याने एकही केला नाही तो सज्जन, असं ते धरून चालतात.

आपल्याकडे तर हे हमखास होतं, कारण आपल्या तोंडात 'जाऊ दे की लका' बसलेलं आहे. आमच्यातला एक गडी पहिल्या दहा पॉइंटांत कितीही ढकललं तरी 'जाऊ दे, जाऊ दे' करायचा, आणि अकराव्याला त्याचा स्फोट व्हायचा. मग मागच्या सगळ्या धक्क्यांचा हिशोब एकाच कॉलमध्ये. नियमपुस्तक सांगतं की सामनाभर कॉल एकाच मापाने करा, आणि खेळावर फरक पडेल एवढी चूक असेल तरच करा. शिवाय आमच्या खडीवर कुणी अंगावर येत असेल आणि तुम्ही भिडेखातर गप्प बसलात, तर पुढच्या पॉइंटला दुसऱ्याचं कोपर फुटतं. गप्प बसणाऱ्याला मी खिलाडूवृत्तीचे गुण देत नाही.

मोठ्या स्पर्धांत यासाठी गुणपत्रक असतं. प्रत्येक सामन्यानंतर संघ एकमेकांना पाच बाबींवर गुण देतात: नियमांची जाण आणि वापर, फाउल आणि अंगाला अंग लागणं, न्यायबुद्धी, वृत्ती आणि स्वतःवर ताबा, आणि संवाद. प्रत्येकी ० ते ४. यात २ म्हणजे 'चांगलं', नेहमीसारखं. हे नीट समजावून सांगा, नाहीतर आपली पोरं दहावीच्या प्रॅक्टिकलसारखे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतील आणि आठही संघ वीसपैकी वीसवर येतील. नेहमीसारखा स्वच्छ सामना झाला तर बेरीज दहा यायला हवी.

पण हे पत्रकही फसतं. कसं ते सांगतो, आणि हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

पुण्यातली एक स्पर्धा, १२–१२, वेळ संपलेली, पुढचा पॉइंट जो घेईल त्याचा सामना. खेळणारे याला युनिव्हर्स पॉइंट म्हणतात. आमच्या हँडलरने, म्हणजे मागे राहून डिस्क फेकणाऱ्याने, लांब फेकली, मी एंडझोनमध्ये झेप टाकली आणि डिस्क घेतली. माझ्या मागून येणाऱ्या गड्याला माझ्या पाठीपलीकडे काही दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं होतं. दिसलं म्हणण्यापेक्षा बोटांना कळलं होतं: बोटं खाली जायच्या आधी डिस्कची कड गवताला घासली होती. म्हणजे ती 'डाउन'. त्याने विचारलं, "घेतलीस?" मी म्हणालो, "हो, अप होती." तो म्हणाला, "तुला नीट दिसलं असणार, नो कंटेस्ट." आम्ही जिंकलो.

पुढचं जास्त वाईट आहे. सामन्यानंतर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, ते स्पिरिट सर्कल. त्यात त्याच गड्याने माझं नाव घेतलं. शेवटच्या कॉलला मी शांतपणे बोललो, आवाज चढवला नाही, म्हणून आभार मानले. टाळ्या पडल्या. त्यांच्या पत्रकात न्यायबुद्धीसमोर आम्हाला ३ होते.

तेव्हापासून मी खिलाडू खेळाडू ओळखताना शांत आवाज, हस्तांदोलन, शाबासकी यांकडे फारसं बघत नाही. मी एकच बघतो: समोरच्याला जे दिसलंच नव्हतं, ते हा स्वतःच्या विरुद्ध सांगतो का? आणि कुठल्या स्कोअरला? ३–१ला सगळेच हरिश्चंद्र असतात.

क्रिकेटमधलं उदाहरण आपल्याला जवळचं. १९८० साली मुंबईत वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी होती. पंचांनी बॉब टेलरला यष्टीमागे झेलबाद दिलं होतं, पण कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने त्याला परत बोलावलं, कारण त्याच्या मते चेंडू बॅटला लागलाच नव्हता. इंग्लंडचे पाच गडी आधीच गेलेले. मग टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. ही गोष्ट विश्वनाथच्या नावावर इतकी वर्षं टिकली, कारण त्याने तिची किंमत मोजली. फरक एवढाच की तिथे पंच होता आणि त्याने निकाल दिलेला होता. फ्रिस्बीत निकाल देणाराच तुम्ही असता.

बाकीच्या खुणा याहून बारीक आहेत, पण मैदानाच्या कडेला बसून दिसतात. एक म्हणजे आपल्याच माणसाला टोकणं. आपल्या कटरने (पळत जाऊन डिस्क घेणाऱ्याने) 'ट्रॅव्हल', म्हणजे डिस्क हातात घेऊन पळाला, असा चुकीचा कॉल केला की लांबून धावत येऊन "अरे, ट्रॅव्हल नव्हता तो, मागे घे" म्हणणारा खेळाडू मला समोरच्याचे कपडे झटकून देणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. कॉल मागे घेणं हे नियमपुस्तकातच चांगल्या वर्तनाचं उदाहरण म्हणून दिलेलं आहे. आणि सूड म्हणून केलेला कॉल, 'तू केलास ना, मग घे माझाही', हे त्याच पुस्तकात वाईट वर्तनात आहे. तो ओळखायला सोपा असतो, कारण तो बरोबर पुढच्याच पॉइंटला येतो.

दुसरी खूण मिश्र सामन्यात दिसते, जिथे मुलं-मुली चार-तीन अशी एकत्र खेळतात. कोण कुणाचे कॉल कंटेस्ट करतो ते मोजा. काही पोरं सहा फुटी सीनियरच्या प्रत्येक कॉलला मान डोलावतात आणि मुलीने फाउल म्हटलं की लगेच "कुठं लागलं? दाखव की". असल्याचं हसू कितीही गोड असो, माझ्या यादीतून तो बाद.

तिसरी खास आपल्या गावची. आमच्याकडे पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं आहेत, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी आहेत, बाकी आम्ही मराठी आणि गरजेपुरती हिंदी. वाद चालू असताना दोघं टीममेट आपसात तेलुगूत काहीतरी ठरवतात आणि समोरचा बिचारा तोंडाकडे बघत राहतो, असं बरेचदा व्हायचं. एकदा त्यांच्यातल्याच एकाने आपल्या कॅप्टनला मध्येच तोडलं: "अण्णा, मराठीत बोला, त्याला पण कळू द्या." संवादाच्या रकान्यात मी त्याला चारपैकी चार दिले असते. माझ्या मते अख्ख्या सकाळचा तो सर्वात चांगला क्षण होता, आणि त्यात डिस्कला कुणी हातही लावलेला नव्हता.

जल्लोषाचं तेवढं मनावर घेऊ नका. पॉइंट घेतल्यावर ओरडणं, डिस्क जमिनीवर आपटणं हे चालतं, समोरच्याच्या तोंडावर जाऊन केलं तर नाही.

आता तुमची ढाल. आयोजकांनी कडेला बसून ठरवू नका, तुम्हाला अर्धंही दिसणार नाही. प्रत्येक संघाला एक स्पिरिट कॅप्टन, म्हणजे खिलाडूवृत्तीचं बघणारा एक जण, नेमायला सांगा. सामना संपून गोल झाला की दोन्ही संघांनी विरुद्ध संघातल्या एकाचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, आणि नावाखाली प्रसंग आणि तेव्हाचा स्कोअर. प्रसंग नसेल तर चिठ्ठी बाद. 'स्वभाव छान आहे' हा प्रसंग नव्हे. ही अट घातली की मैत्रीची मतं आपोआप गळतात आणि शेवटी हातात पाच-सहाच नावं उरतात. संघाचं बक्षीस वेगळं द्यायचं असेल तर ते गुणपत्रकाच्या सरासरीवर द्या. आणि पहिल्या सामन्याआधी अर्धा तास सगळ्यांना बसवून नियम वाचून घ्या. नियम माहीत नसताना प्रामाणिक राहणं म्हणजे प्रामाणिकपणे चुकणं, आणि मार समोरच्याला पडतो.

आम्ही मागे चार संघांचं असंच काहीतरी घेतलं होतं, जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतून वाट काढत सगळे मैदानावर पोचले होते. त्यात एका मुलीच्या नावाच्या तीन चिठ्ठ्या आल्या. ती त्या दिवशी सर्वात जास्त फाउल सांगणारी होती, दोन पोरं तिच्यावर वैतागलेलीही होती. पण तिन्ही चिठ्ठ्यांपैकी एकीवर असं होतं: स्कोअर ९–९, ती मार्कर (डिस्कवाल्यासमोर उभी राहून अडवणारी), मोठ्याने स्टॉल, म्हणजे ते दहा आकडे, मोजत होती, दहा झाले, आमच्या माणसाने डिस्क मुकाट खाली ठेवली. तर तीच म्हणाली, "थांब, मधले दोन-तीन आकडे मी घाईत मोजले. तू कॉल केला नाहीस, पण फास्ट होतं. उचल." मागून तिचीच मैत्रीण ओरडली, "अगं ए, काय करायलीस तू?" डिस्क उचलली गेली, तिसऱ्या थ्रोला पॉइंट झाला, तिच्या संघावर.

चिठ्ठी लिहिणारा म्हणजे तोच, ज्याने डिस्क खाली ठेवली होती. खाली त्याने एक ओळ जादा लिहिली होती: 'मला फास्ट वाटलंच नव्हतं.'

आमच्याकडे ढाल नव्हती, शेंगाचटणीचा अर्ध्या किलोचा पुडा होता. तिने तो तिथेच फोडला आणि कडक भाकरी कुणाकडे आहे म्हणून विचारत फिरली.