जुनी स्पोर्ट्स कार रोजच्या वापरासाठी घ्यावी का?
वीस-पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार रोजच्या ये-जा करण्यासाठी भरवशाची ठरेल का, असे आपण विचारले आहे. ठरू शकते, मात्र गाडी किती किलोमीटर चालली यापेक्षा ती किती काळ नुसती उभी होती, हे आधी पाहावे. कूलंटचे होज, सस्पेन्शनचे बुश, इंजिनमधील ऑइल सील हे सारे रबर वयानेच कडक होऊन तडकते, आणि मीटरवरचा कमी आकडा पाहून हुरळलेल्या ग्राहकाला ते गाडी रोज चालवू लागल्यावरच कळते. टायरच्या बाजूवरील चार अंकी तारीखही वाचावी: ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा, आणि असा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावाच. टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल एका तालात ठेवणारा इंजिनातला पट्टा) बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे, कारण बऱ्याच इंजिनांत तो तुटताच पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मला स्वतःला १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ सारखी साधी, टर्बो नसलेली गाडी अधिक पटते. पोर्श ९११ च्या ९९६ पिढीत मात्र इंजिनातल्या इंटरमिजिएट शाफ्ट या दांड्याच्या बेअरिंगची चौकशी केल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण ते निकामी झाले तर इंजिनच बाद होऊ शकते (याच पिढीतील टर्बो आणि जीटी३ या प्रकारांचे इंजिन निराळे असल्याने त्यांना हा प्रश्न नाही). एखादा सुटा भाग मिळायला कित्येक दिवस लागू शकतात, तोवर दुसरे वाहन हाताशी असावे.