सगळं आधीच ठरलेलं असेल, तर माणसाच्या हातात काय उरतं?

तुम्ही मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या 1983 च्या प्रयोगाचा दाखला दिलाय. 'आता हात हलवावा' असं माणसाला जाणवण्याच्या सुमारे 350 मिलिसेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसली. मग इच्छास्वातंत्र्य हा भासच ना, असं तुम्ही विचारता.

मी निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवतो. आमच्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. घड दिसतात ते ऑक्टोबरनंतर. पण काडीवरच्या कुठल्या डोळ्यात (कळीत) घड आणि कुठल्यात नुसती बाळी (वेलीचा तंतू), हे खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच काडीच्या आत बरंचसं ठरून जातं. त्या दिवसांत फुटींची दाटी झाली, काडीला ऊन मिळालं नाही, की ऑक्टोबरात घड जिरतात, म्हणजे घडाच्या जागी बाळीच येते. अशा वर्षी वडील 'नशीब' म्हणून गप्प बसायचे. त्या वेळी बागेत उभं राहून पाहिलं तर त्यांचं खोटंही नव्हतं, हातात काही उरलेलंच नसायचं. मे महिन्यात मात्र फुटी विरळ करणं हातात होतं.

लिबेट यांनी शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात इच्छा शोधली, म्हणजे घड कधी ठरला हे ऑक्टोबरात शोधल्यासारखं. (मेंदूतली ती तयारी म्हणजे निर्णय नसून आपोआप होणारे चढउतार असू शकतात, असंही 2012 मध्ये आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.)

प्रत्येक गोष्टीला आधीचं कारण असतं, हे मला मान्य आहे. गारपिटीपुढे तर कुणाचंच चालत नाही. पण माझा विचार, माझी मेहनत हीसुद्धा त्या कारणांतलीच कारणं आहेत. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. दैव त्यात पाचवं आहे, एकटं नाही. 'ठरलेलं आहे' आणि 'मी काही केलं तरी तेच होणार' ही दोन वाक्यं एक नव्हेत. तुमच्या प्रश्नात ती एकमेकांत मिसळली आहेत, असं मला मनापासून वाटतं.

माझा राग आजोबांकडून आलाय. तो चढला की त्या क्षणी मी स्वतंत्र असतो, असं म्हणवत नाही. म्हणून मजुरांचा हिशेब दिवसभर उन्हात राबून आल्यावर संध्याकाळी करायचा नाही, सकाळी चहा झाल्यावर करायचा, असं मी चार वर्षांपूर्वी ठरवलं. तेव्हापासून हिशेबावरून एकदाही माझा आवाज चढलेला नाही.