सुट्टीत बारा माणसं जेवायला, ओव्हन एकच: सोबतचे पदार्थ कोणते आणि कधी करायचे?

आधी यादीला कात्री लावा. तुम्ही लिहिलंय की रात्री ८ वाजता बारा माणसं जेवायला बसणार, त्यात दोघं शाकाहारी आणि तीन लहान मुलं. मांसाचा मुख्य पदार्थ ओव्हनमध्ये दोन तास राहणार, ओव्हन एकच, आणि सोबतच्या पदार्थांची यादी आठवर गेली आहे. आठ नकोत. चार पुरतात, फार तर पाच. पदार्थ वाढले म्हणून कुणी जास्त जेवत नाही. प्रत्येकाचा एकेक चमचा ताटात पडतो आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये आठ अर्धवट डबे उरतात.

चार कोणते, हे ठरवताना बहुतेक जण चवीपासून सुरुवात करतात. मी जागेपासून करते. यादीतल्या प्रत्येक पदार्थासमोर एवढंच लिहा: वाढण्याआधीच्या शेवटच्या तासात हा कुठे असणार? ओव्हनमध्ये, गॅसवर, फ्रिजमध्ये की नुसता ओट्यावर? मेजवानीच्या दिवशी तारांबळ उडते ती याच तासात, आणि तिचं कारण बहुतेकदा एकच असतं. तीन पदार्थांना एकाच वेळी ओव्हन हवा असतो आणि दोघांना एकाच वेळी तुमचे हात. म्हणून एक पदार्थ थंड, एक आधी करून नंतर नुसता गरम करण्यासारखा, एक गॅसवर झाकून स्वस्थ राहणारा, आणि शेवटच्या दहा मिनिटांत लक्ष मागणारा फक्त एकच. हे नक्की झालं की चवीकडे वळा. मुख्य पदार्थ जड असेल तर सोबत काहीतरी आंबट हवं, काहीतरी कुरकुरीत हवं आणि रस्सा किंवा सॉस शोषून घेईल असं काहीतरी मऊ हवं. चारही मऊ झाले तर जेवण कंटाळवाणं होतं, मग प्रत्येक पदार्थ कितीही उत्तम जमलेला असो.

तुमच्या यादीतून मी ठेवीन ते असे: कोबीचं सॅलड, भाजलेली गाजरं आणि बीट, कुस्करलेला बटाटा, लसणावर परतलेल्या हिरव्या शेंगा (फरसबी).

बटाट्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण सोपा समजला जाऊनही सगळ्यात जास्त बिघडतो तो हाच. माणशी २०० ग्रॅम धरा, म्हणजे जवळजवळ अडीच किलो. मुलं कमी खातात, पण मोठ्यांपैकी कुणीतरी दुसऱ्यांदा घेतंच. आदल्या रात्री सोलून, तुकडे करून गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवता येतात, काळे पडत नाहीत. शिजवताना गार, मीठ घातलेल्या पाण्यातच घाला आणि मग आच लावा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा थर फुटून जातो आणि आत कणी राहते. एवढ्या मोठ्या पातेल्याला उकळी यायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तो वेळ हिशोबात धरा. निथळल्यावर त्याच पातेल्यात मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं हलवून उरलेलं पाणी उडू द्या. मग हाताने कुस्करा. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर अजिबात नको: पाती फिरली की पेशी फुटतात, आतला स्टार्च मोकळा होतो आणि पातेल्यात पुस्तकं चिकटवायची खळ तयार होते. आधी लोणी, नंतर गरम दूध. तयार झाल्यावर भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर झाकून ठेवलं की तासभर गरम राहतं. वाढताना घट्ट वाटलं तर थोडं गरम दूध घालून हलवायचं.

गाजर-बीट दुपारी, मुख्य पदार्थ ओव्हनमध्ये जाण्याआधी भाजून घ्या. २ ते अडीच सेंटिमीटरचे तुकडे, तेल, मीठ, २०० ते २२० अंश सेल्सिअस, अर्धा-पाऊण तास. ट्रे गच्च भरू नका, दोन लागले तर दोन वापरा आणि मध्येच त्यांची वरची-खालची जागा बदला. तुकडे एकमेकांवर पडले की सुटलेल्या वाफेवर ते नुसते शिजतात, त्यांना तपकिरी कड येत नाही, आणि सगळी चव तर त्या कडेतच असते. निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. मांस ओव्हनमधून काढल्यावर कापण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवायचं असतं, त्या वेळात ओव्हन रिकामाही असतो आणि तापलेलाही. ही वेळ बहुतेक जण वाया घालवतात. भाज्यांना त्यात दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शाकाहारी मंडळींचं पोट नुसत्या गाजरांवर भरणार नाही, म्हणून भिजवून शिजवलेले काबुली चणे याच ट्रेमध्ये मिसळा. कोरडे चणे रात्रभर भिजवावे लागतात, हे आदल्या रात्रीच्या कामांत लिहून ठेवा. आणि सोबतच्या कुठल्याच पदार्थात मांसाचा स्टॉक घालू नका. चव थोडी वाढते, पण दोन माणसांचा तो पदार्थ कायमचा जातो.

हिरव्या शेंगा आदल्या दिवशी खळखळत्या खारट पाण्यात ३ ते ४ मिनिटं उकळा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि पुसून ठेवा. ऐन वेळी लोणी आणि लसणावर परतायला तीन मिनिटं लागतात. लिंबू मात्र वाढताना पिळा. आम्लाने हरितद्रव्याचा रंग उडतो, आधी पिळून झाकून ठेवलेल्या शेंगा मळकट दिसायला लागतात.

कोबीला फारसं काही लागत नाही. बारीक चिरून मीठ चोळा, अर्ध्या तासाने पिळून पाणी काढा, तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर घालून कालवा. आदल्या रात्री केलं तर उलट मुरतं. पानांचं सॅलड असं चालत नाही, ते वाढतानाच कालवावं लागतं, म्हणून तुमच्या यादीतून मी ते काढलं. थंड पदार्थात मीठ-आंबट कमी जाणवतं, तेव्हा फ्रिजमधून काढल्यावर एकदा चाखून बघा.

घड्याळ उलटं मांडायचं, ८ वाजल्यापासून मागे. ७:५० ला शेंगा कढईत. ७:३५ ला भाज्या ओव्हनमध्ये. साडेसातला मांस बाहेर, म्हणजे ते आत गेलं साडेपाचला, म्हणजे गाजर-बीट पाचच्या आत ओव्हनमधून निघायला हवेत. बटाट्याचं पातेलं ६ वाजता गॅसवर. हे कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवा, डोक्यात ठेवू नका, कारण ७ वाजल्यापासून पाहुणे स्वयंपाकघरात येऊन गप्पा मारायला लागतात. वाढायची भांडी आदल्या रात्रीच काढून प्रत्येकात चिठ्ठी टाका. एखादं भांडं कमी पडतंय हे तेव्हाच कळतं.

मुलांसाठी शेंगांवर लसूण घालण्याआधी थोड्या साध्या बाजूला काढा. सुकामेवा, तीळ वगैरे कशातही मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आधी फोन करून विचारलेलं बरं, पण लांबच्या नात्यातलं कुणी ऐन वेळी सांगतं तेव्हा ही वाटी उपयोगी पडते.

‘मी काय आणू?’ असं विचारणाऱ्यांना ‘काही नको’ म्हणू नका आणि ‘काहीही आण’ असंही नको. ब्रेड, पेयं, फळं, थंड गोड असं नेमकं सांगा. ओव्हनमध्ये गरम करावं लागेल असं काही आणायचं नाही, हेही स्पष्ट सांगा. नाहीतर साडेसातला तुमच्या रिकाम्या झालेल्या ओव्हनसमोर कुणीतरी ट्रे घेऊन उभं असतं.

आता उरलेलं. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जास्त वेळ राहू देऊ नये, त्यात जंतू भराभर वाढतात. जेवण झाल्यावर गप्पा रंगल्या तरी टेबलावर ठेवल्यापासून दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, तेही पसरट, उथळ डब्यांत, म्हणजे लवकर गार होतं. बटाट्याऐवजी भात केलात तर हा नियम आणखी कडक पाळा. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला तर त्यांतून तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बाकीचं दुसऱ्या दिवशी खाताना आतपर्यंत वाफ येईल असं गरम करा, थर्मामीटर असेल तर ७४ अंश.

तुम्ही शेवटी विचारलंय, एखादा पदार्थ विकत आणला तर चालेल का. खुशाल आणा. ब्रेड आणि एखादा सॉस विकतचा असला तर कुणाला काही वाटत नाही. मी आणला तर कोबीचं सॅलडही विकतचं आणीन, फक्त घरी चाखून त्यात थोडं व्हिनेगर वाढवीन, कारण विकतचं बहुतेकदा गोडसर असतं. बटाटा मात्र घरीच करा.