गावच्या जमिनीचा नियम आणि गावच्या जमिनीचा पैसा

गायरान, सरकारी पडीक जमीन आणि सामूहिक वनहक्काचे जंगल यांविषयी आलेल्या पत्रांतून निवडलेले हे प्रश्न आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार अंमलबजावणीची आहे. पण गावाचे नुकसान त्याआधीच, नियमाचा मसुदा निघतो तेव्हा आणि अंदाजपत्रक जुळवले जाते तेव्हा, होऊन गेलेले असते. त्या वेळी गावाकडून कागद गेलेला नसतो. म्हणून उत्तरांचा भर त्याच दोन टप्प्यांवर ठेवला आहे.

प्रश्न : सरकारी जमिनींच्या नियमांत दुरुस्तीचा मसुदा राजपत्रात आल्याचे तलाठ्यांकडून कळले. ग्रामपंचायतीने हरकत कशी घ्यावी, आणि तिचा काही उपयोग होतो का? (सरपंच, बीड जिल्हा)

उपयोग होतो, पण हरकत मुदतीत आणि मुद्द्याला धरून असली तरच.

राज्यातल्या सरकारी जमिनी कोणाला, कशासाठी आणि कोणत्या अटींवर द्यायच्या हे महाराष्ट्र जमीन महसूल (सरकारी जमिनींची विल्हेवाट करणे) नियम, १९७१ यांत आहे. हे नियम करण्याचा अधिकार शासनाला जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२८ ने मिळतो आणि कलम ३२९ ने त्याला पूर्वप्रसिद्धीची अट घातली आहे. म्हणजे आधी मसुदा प्रसिद्ध करायचा, तो कोणत्या तारखेनंतर विचारात घेतला जाईल हे सांगायचे, आणि त्या तारखेपूर्वी आलेल्या हरकती व सूचना विचारात घेऊनच अंतिम नियम करायचे. प्रत्येक कायद्यात ही अट नसते. म्हणून दुसऱ्या एखाद्या कायद्याखालचा मसुदा हाती आला, तर त्या कायद्याचे नियम करण्याचे कलम काढून ‘पूर्वप्रसिद्धीच्या शर्तीस अधीन’ हे शब्द आहेत का ते आधी पाहा.

राज्याच्या कायद्यांखालचे नियम महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग चार-ब मध्ये छापले जातात. मसुद्याच्या सुरुवातीला जी सूचना असते तीत हरकती कोणाकडे आणि कधीपर्यंत पाठवायच्या हे दिलेले असते. तारीख पोचण्याची धरा, टपालात टाकण्याची नव्हे. स्पीड पोस्टने पाठवा, सूचनेत ई-मेल दिला असेल तर त्यावरही पाठवा आणि पोच जपून ठेवा.

हरकतीचा मजकूर कसा असावा? ‘हा नियम गरिबांवर अन्याय करणारा आहे’ एवढ्या वाक्याने कक्ष अधिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याला मंत्रालयात हरकतींचा तक्ता करायचा असतो. तो तक्ता तुम्हीच करून द्या. नियमाचा क्रमांक, मसुद्यातले शब्द, त्याऐवजी हवे असलेले शब्द आणि कारण असे चार रकाने पुरेत. कारणात गावाचा आकडा हवा : गायरानाचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, गट क्रमांक आणि जनावरांची संख्या. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा. ठरावात सूचनेचा क्रमांक आणि दिनांक नसेल, तर तो कशाबद्दलचा ठराव हेच पुढे कळत नाही. अनेक गावांचे ठराव याच कारणाने वाया गेले आहेत.

शासनाने हरकत विचारात घेणे बंधनकारक आहे, मान्य करणे किंवा उत्तर देणे नाही. अंतिम अधिसूचना निघाल्यावर हरकतींचा तक्ता आणि त्यावरच्या टिपण्या माहिती अधिकारात मागता येतात. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवा, शुल्क १० रुपये. पूर्वप्रसिद्धीची अट असलेला नियम एकदा अंतिम स्वरूपात राजपत्रात छापला गेला की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा मानला जातो. प्रक्रिया चुकली म्हणून नंतर न्यायालयात भांडणे त्यामुळेच फार अवघड जाते. जे करायचे ते मसुद्याच्या मुदतीत करा.

प्रश्न : सौर प्रकल्पासाठी गायरान देण्याचा शासन निर्णय असल्याने ग्रामसभेचे काही चालणार नाही, असे सांगण्यात आले. हे खरे का? (वाचक, सोलापूर जिल्हा)

अर्धेच खरे आहे. शासन निर्णय हा कार्यकारी आदेश असतो. तो कायद्याच्या आणि नियमाच्या खाली येतो, त्यांना ओलांडू शकत नाही. आधी तो खरा आहे का ते पाहा : प्रत्येक शासन निर्णयाला १८ अंकी संकेतांक असतो, तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्या. तोंडी सांगितलेला शासन निर्णय आणि छापील शासन निर्णय यांत अटींचा फरक नेहमी सापडतो.

मग कायदा काय म्हणतो ते वाचा. गायरान म्हणून जमीन राखून ठेवण्याचा अधिकार संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. कलम २२-अ नुसार अशी जमीन दुसऱ्या वापरासाठी वळवता, देता किंवा भाडेपट्ट्याने लावता येत नाही. अपवाद आहे तो केंद्र वा राज्य शासनाच्या किंवा वैधानिक प्राधिकरणाच्या सार्वजनिक प्रयोजनाचा, आणि तोही दुसरी योग्य शासकीय जमीन उपलब्ध नसेल तेव्हाच. खासगी प्रकल्पाला गायरान अपरिहार्य ठरले, तर बदल्यात पर्यायी जमीन देण्याची अट आहे.

तुमचे खरे बळ ‘दुसरी योग्य शासकीय जमीन’ या शब्दांत आहे. तलाठ्यांकडून गाव नमुना १-ब, म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही, मागून घ्या. त्यातले खडकाळ, चराईला निरुपयोगी गट शोधा आणि त्यांचे क्रमांक व क्षेत्र ठरावात लिहून जिल्हाधिकाऱ्यांना द्या. नुसता विरोध नोंदवलेला ठराव फाइलला लागून पडतो. पर्यायी गट दाखवणाऱ्या ठरावाचे उत्तर आदेशात द्यावे लागते, आणि ते नसेल तर अपिलात पहिला मुद्दा तोच होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे ९० दिवसांत अपील करता येते.

प्रश्न : अर्थसंकल्पात जमीन आणि जंगलासाठी किती पैसा आहे हे सामान्य माणसाने कुठे पाहायचे? (शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

अर्थमंत्र्यांच्या भाषणात पाहू नका, मागण्यांच्या पुस्तकात, म्हणजे विभागवार खर्चाची मंजुरी विधिमंडळाकडे मागणाऱ्या पुस्तकात, पाहा. महसूल व वन विभागाच्या मागण्यांना ‘सी’ हे अक्षर आहे. वनांची मागणी सी-७. तिच्यात प्रधान लेखाशीर्ष (खर्चाच्या मुख्य खात्याचा क्रमांक) २४०६ म्हणजे वनीकरण व वन्यजीवन यांचा महसुली खर्च. भांडवली खर्च ४४०६ खाली. जमीन महसूल प्रशासन २०२९ खाली, मृद व जलसंधारण २४०२ खाली. आदिवासी भागातली बरीच वनकामे आदिवासी विकास विभागाच्या टी-५ मागणीत असतात, म्हणून केवळ सी-७ पाहून निष्कर्ष काढला तर गडचिरोली-नंदुरबारचे चित्र निम्मेच दिसते.

पुस्तकातल्या रकमा हजार रुपयांत असतात. एखाद्या योजनेपुढे नुसता ‘१’ दिसला तर ती एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद आहे : लेखाशीर्ष उघडे ठेवले आहे, पैसा अजून ठेवलेला नाही. अशा योजनेची घोषणा गावात वाजतगाजत होते आणि लोक वर्षभर वाट पाहत बसतात.

रकाने चार असतात : मागच्या पुऱ्या झालेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. शेवटच्या रकान्यातली वाढ पाहून खूश होऊ नये. प्रत्यक्ष खर्च आणि सुधारित अंदाज यांच्याशी ती ताडून पाहा. अंदाज दरवर्षी वाढतो आणि खर्च आहे तिथेच राहतो, असे सापडले तर अडचण तरतुदीची नसून वितरणाची आहे. वितरण ‘बीम्स’ या शासकीय प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय पाहता येते. खर्चाच्या बाबीही बघा. ०१ वेतन, ०२ मजुरी, ५३ मोठी बांधकामे. जंगल राखणाऱ्या हंगामी माणसाचा पैसा मजुरीत असतो, आणि काटछाटीत मजुरीची बाब जपली जाते की नाही यावर जंगलाचे बरेचसे भवितव्य ठरते.

प्रश्न : आमच्या कामाला तरतूद झाली आहे. मग काम सुरू का होत नाही? (ग्रामपंचायत सदस्य, धाराशिव जिल्हा)

तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता आणि निधी वितरण हे तीन टप्पे उरतात. नेमके कोणत्या टप्प्यावर काम थांबले ते लेखी विचारा. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम व्यपगत होते, म्हणजे हातची जाते. पुढच्या वर्षी ती आपोआप मिळत नाही.

प्रश्न : गायरानावर १० हेक्टर रोपवन झाले. पहिल्या वर्षी हिरवेगार होते, तिसऱ्या वर्षी काठ्या उरल्या. दोष कोणाचा? (वाचक, पुणे जिल्हा)

तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकाची प्रत पाहिली. त्यात खड्डे, रोपे आणि लागवड आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची देखभाल कुठेच नाही. रोपे मेली ती तिथेच.

हिशेब मांडू. ३ बाय ३ मीटर अंतराने हेक्टरी १,१११ रोपे बसतात, म्हणजे १० हेक्टरला ११,११०. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद व खोल धरला तर सुमारे १,०१२ घनमीटर खोदाई होते. ती उन्हाळ्यात, मेअखेर व्हायला हवी, म्हणजे खड्डे तापतात आणि पहिल्या चांगल्या पावसावर लागवड साधते. यासाठी पैसा मार्चपूर्वी हाती हवा. तो जुलैत आला तर खड्डे आणि लागवड एकाच आठवड्यात उरकली जाते आणि मुळे घट्ट मातीत अडकतात. पुढे निंदणी, पावसाळ्यानंतर मातीची भुसभुशी, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे, गुरे रोखणारा चर आणि राखणदार, हे सगळे किमान तीन वर्षे चालू राहिले पाहिजे. पहिल्याच वर्षी तिन्ही वर्षांचा खर्च वर्षनिहाय दाखवून मान्यता घ्यावी. मग दुसऱ्या वर्षीची देखभाल चालू कामाचे दायित्व म्हणून मागता येते. नवीन काम म्हणून मागितली तर ती रांगेत शेवटी जाते.

दुसरे दुखणे आर्थिक वर्षाचे. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो, आणि आर्थिक वर्ष त्याच्या मध्येच बदलते. एप्रिल-मेमध्ये, गवत सर्वांत कोरडे असताना, नव्या वर्षाचा निधी अनेकदा उतरलेला नसतो आणि राखणदाराची मजुरी थांबते. जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी काढून घ्याव्यात आणि एप्रिल ते जूनच्या मजुरीसाठी ग्रामनिधीतून किंवा वनसमितीच्या खात्यातून रक्कम बाजूला ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.

आणि एक मत स्पष्टपणे सांगतो. गायरानावर दाट झाडे लावणे हा मुळात चुकीचा बेत आहे. गायरान गुरांसाठी आहे. तिथे मारवेल, पवना, शेडा अशी गवते वाढू द्या, कुरणाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीने बंद ठेवा, आणि बांधाला सावलीपुरती झाडे लावा. खर्च कमी येतो, मेंढपाळांशी भांडण होत नाही आणि रोपांची संख्या मोजण्याच्या नादात चारा जात नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळाला. आता व्यवस्थापनाला पैसा कोण देणार? वनविभाग म्हणतो, जंगल तुमचे, खर्चही तुमचा. (ग्रामसभेचे कार्यकर्ते, गोंदिया जिल्हा)

हे उत्तर कायद्याला धरून नाही. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. या कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे आहे, त्यामुळे राज्याने वा विभागाने वेगळी अट घातली तर ती केंद्राच्या नियमांशी ताडून पाहा. दुरुस्त नियमांतल्या नियम १६ प्रमाणे हक्क मिळालेल्या कुटुंबांना आणि समूहांना जमीन सुधारणा, उत्पादकता आणि मूलभूत सुविधांच्या शासकीय योजना विभागांमार्फत पोचवण्याची जबाबदारी राज्याची आहे. पत्र लिहिताना हाच नियम क्रमांक घाला.

पैशासाठी आधी आराखडा लागतो. नियम ४(१)(ई) खालची समिती तो तयार करते, तिच्यावर देखरेख ग्रामसभेची. जंगलाचे कक्षनिहाय भाग, प्रत्येकात काय आहे, काय करायचे, कोणत्या महिन्यात, किती मजूरदिन, हे सारे त्यात हवे. शब्दबंबाळ आराखड्याला निधी मिळत नाही, कारण त्यातून अंदाजपत्रक निघत नाही.

मग कामे निधीनुसार वाटा. मजुरीची कामे, म्हणजे चर, गाळ, जाळरेषा, रोजगार हमीत. चारा, रोपवाटिका, जलसंधारण जिल्हा वार्षिक योजनेत. तिचा आराखडा हिवाळ्यात जिल्हा नियोजन समितीपुढे जातो, म्हणून तुमचा प्रस्ताव दिवाळीपूर्वी जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडे पोचला पाहिजे. फेब्रुवारीत दिलेला प्रस्ताव पुढच्या वर्षावर जातो. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो, आणि वनहक्क व पेसाची अंमलबजावणी, वनसंवर्धन ही त्यातली ठरवून दिलेली कामे आहेत. ग्रामपंचायतीत अनेक पाडे असतील तर आपल्या ग्रामसभेचा वाटा ठरावाने मागा, नाहीतर सारा पैसा रस्ता-गटारांत जातो.

चौथा झरा कॅम्पाचा, म्हणजे प्रतिपूरक वनीकरण निधीचा. वनजमीन वळवताना वसूल झालेली रक्कम २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी कायद्याखाली जमा होते आणि ९० टक्के राज्याला मिळते. ती लोकलेख्यात, म्हणजे वार्षिक अर्थसंकल्पी तरतुदीहून वेगळ्या सरकारी खात्यात, असल्याने ३१ मार्चला व्यपगत होत नाही. म्हणून तीन वर्षांच्या देखभालीला हा निधी सर्वांत सोयीचा आहे. वार्षिक कृती आराखड्यात तुमचे काम यावे यासाठी उपवनसंरक्षकांना ऑक्टोबरपर्यंत लेखी प्रस्ताव द्या. उलट बाजूही लक्षात ठेवा : तुमच्या हक्काच्या जंगलात सागाची एकसुरी लागवड कॅम्पातून येऊ घातली, तर २०१८ च्या नियमांतला ग्रामसभेशी विचारविनिमय आणि वनहक्क कायद्याचे कलम ५ दाखवून तुमच्या आराखड्यातलीच कामे मागा.

स्वतःचे उत्पन्नही विसरू नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू-तेंदूची विक्री करण्यापूर्वी ग्रामसभेचे स्वतंत्र बँक खाते, पॅन, परवाना पुस्तक आणि विक्रीच्या पैशाच्या वापराला ग्रामसभेची मंजुरी एवढे तयार हवे. उत्पन्नातला राखण आणि जाळरेषांचा वाटा हंगाम सुरू होण्याआधीच ठरावाने वेगळा काढा. तेंदूचा पैसा जूनमध्ये वाटला गेल्यावर फेब्रुवारीतल्या जाळरेषांसाठी कोणाकडेच काही उरत नाही.