रेसलिंग गेममध्ये ऑनलाइन सतत हरतोय, नवख्याने आधी काय शिकावं?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: डब्ल्यूडब्ल्यूई टू-केमध्ये अवघड पातळीवरही तुम्ही कॉम्प्युटरला आरामात चितपट करता, पण ऑनलाइन गेलात की दहातल्या नऊ मॅच हरता, त्याही चार-पाच मिनिटांत. समोरचा तुमचा प्रत्येक डाव उलटवतो, स्वतः मात्र एकच डाव पुन्हा पुन्हा मारतो. म्हणून तुम्ही विचारताय की कुठला रेसलर घ्यावा.

रेसलरचं शेवटी सांगतो, कारण त्याने फारसा फरक पडत नाही. मी काही चॅम्पियन वगैरे नाही, पण तुम्ही आज जिथे आहात तिथे मी बरेच महिने काढलेत, आणि तिथून बाहेर कसा पडलो ते नीट आठवतंय.

एकदा एका खेळाडूने मला सलग तीन मॅच हरवलं. त्याच्याकडे जेमतेम चार डाव होते. चिडून मी तिसऱ्या मॅचचं रेकॉर्डिंग लावलं, वही घेतली आणि फक्त एकच गोष्ट मोजली: खाली पडून उठल्यावर माझं पहिलं बटण कुठलं? चौदा वेळा उठलो होतो. त्यातल्या अकरा वेळा उठल्या उठल्या हेवी अटॅक. समोरच्याला हे बहुतेक तिसऱ्या खेपेलाच कळलं असावं. त्यानंतर मी उठायला लागलो की तो दोन पावलं मागे सरकायचा, माझा ठोसा हवेत जायचा, आणि मी सावरायच्या आत तो कमरेला मिठी घालायचा. मला वाटत होतं की त्याची रिव्हर्सल, म्हणजे डाव उलटवणं, जबरदस्त आहेत. प्रत्यक्षात त्याने बरेचदा रिव्हर्सलचं बटण दाबलंच नव्हतं, नुसता बाजूला झाला होता.

कॉम्प्युटरशी खेळून हीच खोड लागते. तो तुमच्या सवयी लक्षात ठेवत नाही, माणूस ठेवतो. म्हणून नवख्याने आधी उठायला शिकावं, मारायला नंतर. उठताना तुमच्याकडे बऱ्याच वाटा असतात: ब्लॉक धरून उठणं, बाजूला झुकणं, लोळत रिंगबाहेर जाणं, किंवा काहीच न करता अर्धा सेकंद थांबणं. यातली शेवटची वाट कुणीच घेत नाही, आणि पहिले काही आठवडे तीच सगळ्यात जास्त चालते. समोरच्याने तुमच्या ठोशाची वाट बघत काहीतरी दाबून ठेवलेलं असतं, ते वाया जातं, आणि मग पाळी तुमची असते.

डाव आणि डावाची तोड यांचं गणित बहुतेक रेसलिंग गेम्समध्ये साधारण एकसारखंच असतं. ब्लॉक ठोसा अडवतो, पकड ब्लॉक फोडते, आणि पकडायला पुढे येणाऱ्याला झटपट ठोसा अडवतो. दगड-कागद-कात्रीच आहे ही. २०२२ मध्ये आलेल्या टू-के २२ ने तर ती उघडच मांडली. तुमच्यावर कॉम्बो, म्हणजे सलग फटक्यांची मालिका, चालू असताना समोरचा पुढे जे बटण दाबणार, लाइट (हलका ठोसा), हेवी (जड ठोसा) की ग्रॅपल (पकड), तेच तुम्ही दाबलंत तर कॉम्बो तुटतो. पर्याय तीनच. डोळे मिटून दाबलं तरी तीनात एकदा बरोबर येईल, आणि तो कुठे काय वापरतो हे लक्षात ठेवलंत तर बरंच जास्त. लोक इथेच चुकतात. ते तिन्ही बटणं बडवत सुटतात. त्यापेक्षा मॅच सुरू होतानाच ठरवून टाका, ‘याच्या तिसऱ्या हिटला मी हेवी दाबणार’. दोनदा चुकलं तर बदला. एक बटण दाबून चुकलात तर निदान काहीतरी कळतं. सगळी बडवलीत तर काय बरोबर आलं आणि काय चुकलं याचा पत्ताच लागत नाही.

तुम्ही ‘स्पॅम’ची, म्हणजे एकच डाव पुन्हा पुन्हा मारण्याची, तक्रार केली आहे. राग येतो हे मान्य. पण एकच डाव मारणाऱ्याने आपले पत्ते टेबलावर उताणे ठेवलेले असतात. मला तर सहा वेगवेगळे डाव मिसळून मारणाऱ्याची जास्त भीती वाटते.

आता रिव्हर्सलच्या टायमिंगबद्दल. डोक्यावर बटणाचं चिन्ह दिसलं की दाबायचं, असं आपण ऑफलाइन शिकतो. ऑनलाइन हे पुरत नाही. का, ते आकड्यांत बघा. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालत असेल तर एक फ्रेम साधारण १६.७ मिलीसेकंदांची. काहीतरी दिसल्यावर अंगठा हलायला माणसाला साधारण २०० ते २५० मिलीसेकंद लागतात, म्हणजे १२ ते १५ फ्रेम. त्यात नेटवर्कने १०० मिलीसेकंदांचा उशीर घातला की आणखी सहा फ्रेम गेल्या. टीव्ही गेम मोडवर नसेल तर त्यात वेगळी भर. चिन्हाची वाट बघाल तर कायम उशीरच होणार. त्याऐवजी समोरच्याच्या खांद्यांकडे आणि पायांकडे बघा. बहुतेक पकडींच्या आधी रेसलर गुडघ्यात किंचित वाकतो किंवा एक हात आधी पुढे टाकतो. ती हालचाल ओळखीची झाली की चिन्हाची गरज उरत नाही. आणि हो, वायफायऐवजी केबल लावा. कंटाळवाणा सल्ला आहे, पण माझी निम्मी ‘उशिरा’ रिव्हर्सल त्या एका केबलने दुरुस्त झाली.

सराव असा करा. ऑफलाइन मॅच लावा आणि ठरवा की पहिली पाच मिनिटं एकही हल्ला करायचा नाही. फक्त ब्लॉक, बाजूला होणं आणि रिव्हर्सल. हात शिवशिवतील, मार बसेल, मॅच हरलात तरी हरकत नाही. सेटिंगमधल्या स्लायडरमध्ये कॉम्प्युटरचा आक्रमकपणा वाढवता येत असेल तर वाढवा. हा सराव भयंकर कंटाळवाणा आहे आणि याच्याइतकं मला दुसऱ्या कशानेही शिकवलं नाही.

थोडं बाजूला जाऊन एक सुचवू का? जमलं तर थोडे दिवस फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड हा दुसरा रेसलिंग गेम खेळा. ही मालिका १९८९ पासून चालत आलेली आहे आणि ‘वर्ल्ड’ २०१७ मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानावर आला. दिसायला अगदी साधा, वरून तिरकं बघितल्यासारखी रिंग. पण बटणं बडवणाऱ्याची तिथे अजिबात डाळ शिजत नाही. दोघं रेसलर आपोआप एकमेकांना भिडतात, आणि भिडण्याच्या नेमक्या क्षणी जो बटण दाबतो त्याचा डाव लागतो. आधी दाबलंत तर गेलात. त्यातही डाव तीन वजनांचे असतात, हलके, मध्यम, जड. पहिल्याच मिनिटाला जड डाव टाकायला गेलात तर तो हमखास उलटतो. आधी हलक्यांनी दमवायचं, मग मध्यम, आणि समोरचा थकला की जड. पडद्यावर तब्येतीचा बार नसतो. समोरचा किती थकलाय हे तो किती वेळ पडून राहतो, कसा उठतो, यावरूनच ओळखावं लागतं. दम घेण्यासाठी चक्क वेगळं बटण आहे. पंधरा दिवस हे खेळून टू-केवर परत आलो, तेव्हा समोरच्याच्या बारपेक्षा त्याच्या अंगाकडे बघायची सवय लागली होती.

फिनिशरबद्दल, म्हणजे रेसलरच्या मॅच संपवणाऱ्या खास डावाबद्दल, थोडं सविस्तर सांगतो, कारण नवखे सगळ्यात जास्त मॅच इथे घालवतात. मीटर भरला रे भरला की फिनिशर मारायचा, हा शुद्ध उतावळेपणा. मीटर तुम्हाला दिसतो तसा समोरच्यालाही दिसतो. त्या क्षणापासून तो फक्त त्या एका डावाची वाट बघत असतो आणि त्याचा अंगठा रिव्हर्सलवर असतो. तेव्हा मीटर भरल्यावर मुद्दाम दोन-तीन साधे डाव टाका. तो घाईने रिव्हर्सल दाबेल, चुकेल, दुसऱ्यांदा थोडा थांबेल. तो थांबायला लागला की फिनिशर. टू-के १६ पासून टू-के २० पर्यंतच्या भागांत रिव्हर्सलचा साठाच मोजका असायचा आणि टू-के १७ पासून मोठ्या रिव्हर्सलला दोन खर्च व्हायचे. तिथे तर आधी समोरच्याला सगळी रिव्हर्सल खर्च करायला लावायची आणि मग फिनिशर, एवढंच धोरण पुरायचं. २२ पासून तो साठा गेला, पण कल्पना तीच राहिली. तुम्हाला समोरच्याचा संयम संपवायचा असतो.

याला जोडून एक गोष्ट. रेसलिंग गेम हा टेक्कनसारखा नुसता लढाईचा खेळ नाही. तो एका नाट्यमय प्रकाराची नक्कल करतो, आणि हरणारा उठून परत झुंजला नाही तर ते नाट्यच होत नाही. म्हणून बनवणारे मार खाणाऱ्याच्या हातात काहीतरी देतात. टू-के १९ मध्ये आलेला पेबॅक हा उघड नमुना आहे: जितका मार खाल तितकं ते भरत जातं. नवख्याला वाटतं की आपण वरचढ आहोत तर असंच बडवत राहावं, आणि नेमका तेव्हाच फासा उलटतो. वरचढ असताना वेग कमी करा. जवळ जाण्याआधी त्याच्याकडे काय भरलेलं आहे ते बघा. त्याचं पेबॅक वाया घालवण्यासाठी कधी कधी मी मुद्दाम लांबच फिरत राहतो.

दोरांचंही भान ठेवा. दोराजवळ केलेला पिन (समोरच्याचे खांदे जमिनीला टेकवून धरणं) रोप ब्रेकमुळे, म्हणजे त्याचा दोराला स्पर्श झाल्यामुळे, फुकट जातो, आणि फिनिशर मारून असा पिन वाया घालवण्यासारखं दुःख नाही. फिनिशर शक्यतो रिंगच्या मधोमध मारा, नाहीतर आधी त्याला ओढून मध्ये आणा. समोरचा सारखा बाहेर पळून दम खात असेल तर त्याच्यामागे धावू नका. आत थांबा. बाहेर गेलेल्यासाठी रेफरी आकडे मोजत असतो, ते तुमच्या बाजूने चालू असतात. धावणं हा स्टॅमिना संपवायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे, चालत जा.

आता रेसलर. मध्यम वजनाचा घ्या. अगदी हलक्याला अतिजड रेसलर उचलताच येत नाहीत, आणि अर्धे डाव बाद होतात. अतिजड घेतलात तर उठायला आणि फिरायला वेळ लागतो, म्हणजे वर सांगितलेली तुमची उठण्याची खोड आणखी महागात पडेल. फिनिशर समोरासमोर उभं राहून मारता येणारा असावा. टर्नबकलवर (रिंगच्या कोपऱ्यावर) चढून किंवा धावत येऊन मारायचे फिनिशर दिसायला झकास असतात, पण ते जुळवून आणण्यात मॅच संपते. आणि एकदा घेतलात की तीस-चाळीस मॅच बदलू नका. दर हरण्यानंतर रेसलर बदललात तर आपण का हरलो हे कधीच कळणार नाही.

त्या चार डावांच्या खेळाडूशी काही महिन्यांनी पुन्हा गाठ पडली. तोच रेसलर, तेच चार डाव. मी उठताना थांबत होतो, आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला तो गोंधळल्यासारखा वाटला. मॅच सतरा मिनिटं चालली आणि तीही मी हरलो, दोराजवळ पिन केल्यामुळे.