पहिल्या अल्ट्राआधी, थांबण्याविषयी

प्रिय,

चौघांनी मिळून डिसेंबरातल्या एसआरटीच्या, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा या डोंगरी अल्ट्राच्या (मॅरेथॉनहून लांब शर्यतीच्या) ५३ किलोमीटरला नाव घातलंत, हे ऐकून बरं वाटलं. बुटांचं एका ओळीत सांगते: आजवर ज्या जोडीवर लांब पळालीस तीच जोडी, नवी नको. पळताना खायचं एनर्जी जेल कोणतं घ्यायचं आणि घड्याळ कोणतं, हे ग्रुपमधली मुलं तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला बोलायचंय ते थांबण्याबद्दल. तुझ्या लांबलचक मेसेजमध्ये त्याचा एकही प्रश्न नव्हता.

पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून पहाटे काळोखात निघाल्यावर पहिल्याच चढावर कुणीतरी म्हणणार, ‘थंडी कुठंय?’ थंडी असतेच, फक्त पाय थांबायची वाट बघत असते. एकटं पळणाऱ्याला फारसं थांबावं लागत नाही. चौघांत मात्र कुणाची लेस सुटते, कुणाच्या पोटरीत क्रॅम्प येतो, कुणाला झुडपामागे जायचं असतं, आणि उरलेले तिघे घामाने चिंब टी-शर्टात वाऱ्यावर उभे राहतात. टीमची थंडी इथे सुरू होते.

म्हणून पहिला नियम: माथ्यावर किंवा खिंडीत वाट बघायची नाही. जो पुढे गेलाय त्याने वारा आडेल अशा बाजूला चार पावलं खाली उतरायचं, नाहीतर सरळ मागे फिरून मागच्याला गाठायचं. मागे फिरायला जिवावर येतं, मला माहीत आहे. थांबायचं ठरताच, गार वाटायच्या आधी, विंडचीटर अंगावर चढला पाहिजे. पातळ, मुठीत मावणारा चालेल; पण तो पिशवीत सगळ्यात वर हवा. खजूर आणि पॉवर बँकेच्या खाली गाडलेला विंडचीटर बोटं बधिर झाल्यावर कुणी काढत नाही.

कॉटन घरी ठेव. ते घाम धरून ठेवतं.

या बाजूची थंडी जरा फसवी असते. सिंहगड १,३०० मीटरच्या वर आणि तोरणा १,४०० च्या वर, म्हणून आपण समजतो की गारठा फक्त गडावर. पण स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्यात साचते. खालच्या विंझर गावाच्या बाजूला उजाडायच्या आधी शेतांच्या बांधावरून पळून बघ. वरच्यापेक्षा खालीच जास्त कुडकुडशील. त्यात गुडघाभर वाळल्या गवतावरचं दव दहा मिनिटांत मोजे भिजवतं. आणि हेच अंग दुपारी राजगड-तोरण्याच्या धारेवर भाजून निघतं, कारण तिथे सावली फारशी नाही. पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस, हे आपल्याकडे एकाच दिवसात होतं. हातमोजे आणि टोपी दोन्ही घे. हातमोजे काढून खिशात कोंबता येतील असेच घे.

पाण्याचं याच दिवसावर अवलंबून आहे. थंडीत तहान लागत नाही आणि लघवीला मात्र जास्त होते, म्हणून सकाळचे दोन-तीन तास लोक कोरडेच काढतात आणि ऊन चढल्यावर एकदम साधं पाणी ढोसतात. दोन्ही वाईट. नुसतं पाणी अति झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि ते कमी पाण्यापेक्षा धोक्याचं ठरू शकतं. थोडं थोडं, मीठ-साखरेसकट. खाणं तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे वरच्या टोकाला दोन केळ्यांपेक्षा जरा जास्त. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू चालतो. चिक्की आवडत असेल तर वेष्टन घरीच काढून ठेव. गारठलेल्या बोटांनी ते फाटत नाही आणि दातांनी फाडायला गेलं की अर्धी चिक्की मातीत.

आता टीमचं. चौघांचा वेग सारखा नाही, हे मी सिंहगडावर बघितलंय. चढाला सगळ्यात हळू असलेल्याला पुढे ठेवा आणि त्याच्या चालीने चाला. हो, चाला, पहिल्या अल्ट्रात चढ पळायचे नसतात. तो मागे राहिला की आपण अडथळा आहोत असं त्याला वाटतं, मग तो खाणं टाळून तुम्हाला गाठायला बघतो आणि तिसाव्या किलोमीटरला बसतो. सगळे शेवटपर्यंत एकत्रच, या शपथेवर माझा विश्वास नाही. अर्ध्या वाटेनंतर दोन-दोनच्या जोड्या करा, पण जोडी फोडू नका. कुणाला सोडावं लागलं तर त्याला एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या-मदतीच्या थांब्यावर, स्वयंसेवकाच्या हाती देऊनच जोडीदाराने पुढे निघायचं. मधल्या वाटेवर ‘तू ये हळूहळू’ म्हणून कुणालाही मागे टाकायचं नाही. हे सगळं आदल्या रात्री चहा पिताना बोलून घ्या. पाय थकल्यावर डोकं वाटाघाटी करतं.

आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहा. बडबड्या अचानक गप्प झाला, शब्द जड येऊ लागले, सपाट वाटेवर अडखळला, तर त्याला अंगठा करंगळीला टेकवून दाखवायला सांग. जमलं नाही तर शर्यत बाजूला: ओला टी-शर्ट काढा, कोरडं घाला, वाऱ्यातून आडोशाला न्या, गोड आणि गरम द्या, मदत बोलवा. कुडकुडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं कुणी म्हणेल. कपडे न बदलता, ऊब न मिळता थांबलं असेल तर ते उलट वाईट लक्षण आहे.

तुला वाटेल ताई उगाच घाबरवते, सह्याद्रीत कुठे बर्फ पडतो? चीनमधल्या गान्सूत २२ मे २०२१ ला, म्हणजे ऐन मे महिन्यात, १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत वारा, गारा आणि गारठवणारा पाऊस एकदम आला. १७२ पैकी २१ धावपटू गेले. त्यात लिआंग जिंगसारखा नावाजलेला अल्ट्रारनरही होता. बरेच जण चड्डी-टी-शर्टातच होते. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ बसवलं, ते वाचले. आपल्याकडे तसं हवामान येत नाही, मान्य. पण ओलं अंग, वारा आणि थांबलेले पाय हे तिन्ही आपल्याकडेही एकत्र येतात.

तेव्हा पुढच्या दोन रविवारी अंतर वाढवू नका. पहाटे चारला हेडलॅम्प लावून सिंहगड चढा आणि घाम आलेला असताना मुद्दाम दोनदा थांबा. विंडचीटर काढा, घाला, चिमूटभर खा, बाटली भरा, निघा. तीन मिनिटांत चौघांचं झालं पाहिजे. पहिल्या वेळी आठ लागतील आणि भांडण होईल. ते तिथेच होऊ दे.

शर्यत संपते तिथे कोरड्या कपड्यांची पिशवी आधीच पोचवायची व्यवस्था करा, आतल्या कपड्यांसकट. पदक गळ्यात घालून फोटो काढण्याच्या नादात माणूस तिथेच सगळ्यात जास्त गारठतो.

तुझी,
ताई

ता.क. पायाची नखं तीन-चार दिवस आधी काप, आदल्या रात्री नको. तोरण्याच्या उतारावर कळेल का ते.